ज्याचे त्याला : साने गुरुजींच्या चरित्रातील एक धडा

प्रतिवर्षी आपल्या ज्ञातिसंस्थेची स्मरणिका हाती आली म्हणजे वडीलधारी मंडळी प्रथम अहवाल व हिशेब पाहतात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत आपल्या नात्यातले नाव आहे काय ते शोधतात, आणि मग सवडीने लेखांकडे वळतात. मुलांच्या गुणांची ती यादी पाहून आनंद होतो, यात संशय नाही. परंतु ज्या गुणाची परीक्षा कोणतीच शाळा घेत नाही आणि ज्याची गुणपत्रिका कोणी घरी पाठवीत नाही, त्या गुणाचे काय, हा विचारही याच वेळी मनात आल्यावाचून राहत नाही. सापडलेली वस्तू ज्याची त्याला परत करण्याची बुद्धी हा असाच एक गुण होय.

आपल्या किनाऱ्यावर तर ही परीक्षा मुलांना रोज द्यावी लागते. शेजाऱ्याच्या माडाचा नारळ वाऱ्याने गडग्याच्या अलीकडे आपल्या आवारात पडतो. भरतीबरोबर कोणाच्या तरी जाळ्याचा तुकडा, कोणाचे वल्हे वाळूवर येऊन लागते. आंगणेवाडीच्या वा कुणकेश्वरच्या जत्रेत गर्दीत कोणाचे पैंजण गळून पडते. किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत एखाद्या पाहुण्याचा मोबाईल विसरतो. अशा वेळी पाहणारे कोणी नसते. मूल असते आणि ती वस्तू असते. त्या क्षणी मुलाच्या मनात काय उमटेल, हे त्याच्या घरात पूर्वी काय घडले आहे त्यावर अवलंबून असते.

प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी असा एक नारळ त्याने आनंदाने घरात आणला होता. आजीने चुलीपाशी बसल्या बसल्याच विचारले, खयसून हाडलंस? उत्तर ऐकल्यावर ती रागावली नाही, की तिने उपदेशही केला नाही. भर पावसात डोक्यावर इरले घालून तिने त्याला शेजारच्या घरी नारळ परत द्यावयास धाडले. आजी जाऊन पुष्कळ वर्षे लोटली. पण कोणतीही वस्तू उचलताना तो प्रश्न अजून कानी पडतो. ह्या एका प्रश्नात मुलांच्या शिक्षणाचे केवढे बळ आहे, हे ज्यांच्या चरित्रावरून उत्तम कळते, त्या पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, यांची ओळख आपल्या घरांतील मुलांना पुन्हा एकवार करून द्यावी, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

स्मरणिकेत सामान्यतः आपल्या ज्ञातीतील थोरांची चरित्रे येतात. गुरुजी आपल्या ज्ञातीत जन्मले नव्हते. पण ते आपल्या जिल्ह्याचे होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला; तत्पूर्वी मालवण आणि दापोली ही एकाच रत्नागिरी जिल्ह्याची दोन टोके होती. तीच लाल माती, तेच माड-पोफळी, तीच मुंबईकडे डोळे लावून बसलेली घरे, आणि तेच कर्ज. म्हणून त्यांच्या बालपणीची कथा आपणांस परकी वाटत नाही.

दापोली तालुक्यातील पालगड ह्या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव सदाशिवराव व आईचे यशोदाबाई. घराणे खोतांचे. एके काळी घरात धान्य, दूधदुभते आणि मानमरातब होता. परंतु गुरुजी जाणते होईपर्यंत भाऊबंदकी आणि कर्ज यांनी ते वैभव पोखरून टाकले होते. देणे वाढत गेले, सावकाराचे तगादे दारात येऊ लागले, आणि खोतांच्या घरातील स्त्रीला आज काय शिजवावे ही विवंचना पडू लागली. कोकणातील वाचकांस ह्या स्थितीचे अधिक वर्णन करण्याची गरज नाही. आपल्यांपैकी अनेकांच्या आजे-पणज्यांनी ती भोगली आहे.

ही पार्श्वभूमी लक्षात घेणे अवश्य आहे. ज्याच्या घरी सर्व काही आहे त्याने दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणे हे चांगले खरे, पण फारसे कठीण नव्हे. ज्या घरातून एकेक वस्तू निघून जात होती, त्या घरात यशोदाबाईंनी आपल्या मुलांना परक्याचे ते परक्याचे असे शिकविले. स्वतःचे हातचे सुटत असताना दुसऱ्याचे हातात येऊ द्यावयाचे नाही, ह्यास केवढे मनोधैर्य लागत असेल! गुरुजींचे पुढील सारे आयुष्य ह्या मातेच्या शिकवणीचा विस्तार होय, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या शिकवणीचे प्रसंग त्यांनी पुढे श्यामची आई ह्या पुस्तकात आठवणींच्या रूपाने मांडले. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशी त्या पुस्तकाची रचना असून त्यात बेचाळीस रात्री आहेत. त्यांतील तीन गोष्टी आपल्या विषयाशी निगडित आहेत.

पहिली गोष्ट पायांची. न्हाऊन आलेल्या लहान श्यामला पाय मळू नयेत म्हणून आईने आपल्या लुगड्याचा पदर पसरून हवा असतो. आई तो हट्ट पुरविते. पण त्याच वेळी, पायाला घाण लागू नये म्हणून जेवढी काळजी तेवढीच मनाला घाण लागू नये म्हणूनही घ्यावी, हे त्याच्या कानावर घालते. मुलाला राग येईल असे तीत काही नाही. जे मूल आपले पाय जपते त्याला जपणे म्हणजे काय हे ठाऊक असतेच. आईने फक्त त्या जपण्याची दिशा दाखविली.

दुसरी गोष्ट फुलांची. देवपूजेसाठी गावातील मुले फुले गोळा करीत, आणि कोणाची परडी अधिक भरते ह्याची चुरस लागे. इतरांच्या आधी आपल्याला फुले मिळावीत म्हणून श्यामने उमलण्यापूर्वीच कळ्या खुडून आणल्या. वरवर पाहता ह्यात चोरी नाही. फुले देवासाठीच होती. परंतु आईने त्याला समजाविले, की झाडावर उमलणाऱ्या फुलाचा आनंद त्याने हिरावून घेतला आणि दुसऱ्या मुलांचा वाटाही. देवाच्या नावाने घेतले तरी दुसऱ्याचे ते दुसऱ्याचेच. सत्कार्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या हक्काची वस्तू घेण्याचा मोह थोरामोठ्यांनाही सुटत नाही. येथे तो एका लहान मुलाच्या परडीतच ओळखला गेला.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. ज्या प्रकरणात ती येते त्याचे नावच मोठा होण्यासाठी चोरी असे आहे. थोर पुरुषांची चरित्रे वाचावीत आणि आपणही थोर व्हावे, ही श्यामची तळमळ. पण पुस्तकाला पैसे कोठून आणावयाचे? घरी पाहुणे आलेले असताना त्याने त्यांचे पैसे गुपचूप काढून घेतले. पाहुण्याचे पैसे आपल्या घरात नाहीसे व्हावेत, ह्यासारखी लाजिरवाणी गोष्ट त्या आईला दुसरी वाटली नसेल. मुलाने अखेर अपराध कबूल केला. हेतू चांगला होता, हे त्याचे समर्थन तिने चालू दिले नाही. ज्या थोरांच्या पंक्तीला बसावयाचे, त्यांची चरित्रेच चोरीच्या पैशाने मिळवावयाची, ह्यातील विसंगती तिने त्याच्या ध्यानी आणून दिली. मुलाच्या डोळ्यांतील पश्चात्ताप पाहिल्यावर मात्र तिने त्याला दूर लोटले नाही.

पालकांनी ह्या प्रसंगाचा बारकाईने विचार करावा. मूल खोटे बोलते ते बहुधा शिक्षेच्या भीतीने. घरात खरे सांगितल्याबद्दलही तोच मार मिळत असेल, तर मूल पुढच्या वेळी अधिक सावधपणे खोटे बोलते, एवढाच त्याचा परिणाम होतो. श्यामच्या आईने अपराधाला क्षमेचा आडपडदा दिला नाही आणि मुलाला अपराधाबरोबर टाकूनही दिले नाही. ह्या दोन गोष्टी एकत्र साधणे हेच संस्काराचे मर्म होय.

पालगडची प्राथमिक शाळा संपल्यावर गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेत गेले. पुढे घरची स्थिती इतकी खालावली, की तेथील शिक्षण झेपेना. तेव्हा शिक्षण स्वस्त पडेल म्हणून ते दूर औंध संस्थानात गेले आणि हाताने स्वयंपाक करून शिकू लागले. तेथून पुण्यास नूतन मराठी विद्यालयात ते आले. ह्याच काळात, १९१७ मध्ये, यशोदाबाई निवर्तल्या. मुलगा शिक्षणासाठी दूर होता. अखेरची भेट झाली नाही. हे शल्य गुरुजींच्या मनातून कधीच गेले नाही. १९१८ मध्ये ते मॅट्रिक झाले, न्यू पूना कॉलेजातून १९२२ मध्ये बी. ए. आणि १९२४ मध्ये एम. ए. झाले. आईने दिलेले ऋण आता कोणाला परत करावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्याचे उत्तर त्यांनी शिक्षकाच्या पेशात शोधले.

१९२४ मध्ये खानदेशातील अमळनेर येथे प्रताप हायस्कुलात ते शिक्षक झाले, आणि पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. वसतिगृह म्हणजे हरवण्या-सापडण्याचे आगर, हे जे तेथे राहिले आहेत त्यांस सांगावयास नको. एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या पेटीत, एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर, आणि तक्रारींना अंत नाही. अशा ठिकाणचा अधिकारी सामान्यतः हातात छडी घेऊन फिरतो. गुरुजींचा मार्ग निराळा होता. मुले अंथरुणे तशीच टाकून गेली तर ते स्वतः ती गुंडाळून ठेवीत. खोली झाडीत, कंदिलाच्या काचा पुसून लख्ख करीत, मळलेले कपडे धुऊन ठेवीत. प्रथम मुलांना ह्याचे नवल वाटे, मग लाज वाटे, आणि अखेर न सांगता मुले आपली कामे आपण करू लागत. छात्रालयासाठी ते हाताने लिहिलेले एक दैनिकही काढीत व त्यातून मुलांशी बोलत.

मुलांची आणि त्यांच्या वस्तूंची काळजी ज्याने अशा रीतीने वाहिली, त्याने हरवल्या-सापडल्याच्या प्रामाणिकपणाचा पाया आपोआप घातला असे म्हणता येईल. कारण दुसऱ्याच्या वस्तूचे मोल ज्याला कळत नाही तोच ती खिशात घालतो. दुसऱ्याच्या सदऱ्याची घडी जपून घालणाऱ्या हाताला तोच सदरा लपविणे जमत नाही. शिक्षेने मूल पकडले न जाण्याची कला शिकते, आणि बक्षिसाने बक्षीस मिळेल तेवढ्यापुरताच प्रामाणिकपणा शिकते. ज्याचे हरवले त्याच्या मनात काय चालले असेल, हे ज्याला जाणवले, त्याला पहारा लागत नाही.

१९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत गुरुजींनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि ते तुरुंगात गेले. त्याच वर्षी आपल्या शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला व त्या मिठागरावर दूरदूरचे सत्याग्रही आले, हे येथील जुन्या मंडळींनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकले असेल. सत्याग्रहाच्या मुळाशी हाच साधा विचार होता, की समुद्राचे मीठ ज्यांचे आहे त्यांस ते विनाकर मिळावे.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली. ती लिहून घेण्याचे काम गुरुजींनी केले, आणि त्यांच्या लेखणीमुळेच गीता प्रवचने हा ग्रंथ महाराष्ट्रास लाभला. येथेही त्यांचा स्वभाव दिसून येतो. दुसऱ्याची वाणी त्यांनी जशीच्या तशी जपली आणि ज्याची होती त्याच्या स्वाधीन केली. स्वतः उत्तम लेखक असूनही तीत आपली भर घालण्याचा मोह त्यांना झाला नाही. परीक्षेत शेजाऱ्याच्या कागदावरून उतरविणाऱ्या, किंवा दुसऱ्याचा निबंध आपल्या नावावर देणाऱ्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्यास ह्याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. सापडलेले पाकीट आणि सापडलेला विचार ह्यांत फरक एवढाच, की पाकीट घेणारा कधी तरी पकडला जातो.

पुढे नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी श्यामची आई लिहून काढले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून मराठी घराघरांत ते वाचले जात आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटाला, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यात आले तेव्हा, १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

ह्या पुस्तकाच्या कीर्तीत एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून सुटते. ज्या वेळी गुरुजींनी ते लिहिले त्या वेळी ते तेहेतीस वर्षांचे, एम. ए. झालेले, शेकडो मुलांचे आवडते गुरुजी आणि देशासाठी तुरुंगवास भोगणारे सत्याग्रही होते. लहानपणी पाहुण्याचे पैसे घेतल्याची गोष्ट त्यांनी लिहिली नसती, तर आज ती कोणाला ठाऊक असती? ती त्यांनी स्वतः होऊन, आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या पुस्तकात लिहिली. आपण लहानपणी फार चांगले होतो, असे मुलांना सांगण्याची पालकांची सवय सर्वपरिचित आहे. त्याने मुलाला आपल्या दोषांची लाज वाटते, पण ते बोलून दाखविण्याचे धैर्य येत नाही. गुरुजींनी उलट केले. मी चुकलो होतो, मला माझ्या आईने सावरले, तुम्हीही सावराल, असा धीर त्यांनी मुलांना दिला. प्रामाणिकपणाचा पाठ त्यांनी स्वतःपासून सुरू केला, म्हणून तो मुलांनी ऐकला.

आता त्यांच्या आयुष्यातील ज्या घटनेकडे येत आहोत, ती आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहिताना लेखणी थोडी अडखळते; पण ती टाळली तर हा लेखच अप्रामाणिक ठरेल. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बंधूंना प्रवेश नव्हता. ज्या चोखोबांचे अभंग वारकरी प्रेमाने गातात, त्यांची समाधी महाद्वारासमोर बाहेर, आणि त्यांच्या वंशजांचे दर्शनही बाहेरूनच! मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण आरंभिले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते उपोषण सुटले.

ह्या घटनेचा आपल्या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. विठ्ठल ज्यांचा होता त्यांच्यापासून तो पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवण्यात आला होता. ज्याची वस्तू त्याला परत करा, हे जे यशोदाबाईंनी पालगडच्या घरात कळ्यांविषयी आणि पाहुण्याच्या पैशांविषयी शिकविले, तेच त्यांच्या मुलाने पंढरपुरात देवाविषयी साऱ्या समाजास सांगितले. लहानपणीचा धडा खरा मुरला म्हणजे तो एवढा मोठा होतो. त्या काळी आपल्या गावचे देऊळ, आपली विहीर, आपली पंगत कोणासाठी बंद होती, हे प्रत्येकाने आपल्या घरातील वृद्धांना एकदा विचारून पाहावे. ज्ञातीचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. परंतु त्या अभिमानाच्या पेटीत दुसऱ्याचे काही राहून गेले आहे काय, हे पाहणे हाही प्रामाणिकपणाच होय. आपल्या जिल्ह्यात कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापन करून अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वतः भंगीकाम केले, तेही ह्याच भावनेने.

स्वातंत्र्यानंतरचा काळ गुरुजींना सुखाचा गेला नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. तिचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केले. भारतातील निरनिराळ्या भाषांच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात व एकमेकांस जवळ करावे, ही आंतरभारतीची कल्पना त्यांनी मांडली. परंतु भोवतालचा द्वेष आणि स्वार्थ त्या कोमल मनाला सोसवेना. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. मुलांना हे सांगताना एवढे अवश्य सांगावे, की दुसऱ्यांचे दुःख वाहणाऱ्यालाही आपले दुःख बोलून दाखविण्यास कोणी तरी जवळचे माणूस लागते. ज्या घरात मूल आपली चूक निर्भयपणे सांगू शकते, त्याच घरात ते आपले दुःखही सांगू शकते.

गुरुजींचे चरित्र येथे संपते. आपले काम येथून सुरू होते. सापडलेल्या वस्तूविषयी कायदाही काही सांगतो, हे मुलांना कळलेले बरे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे, ज्याला दुसऱ्याची वस्तू सापडली आणि ज्याने ती ताब्यात घेतली, तो तिचा मालक होत नाही. सांभाळण्यासाठी वस्तू सोपविलेल्या माणसावर जी जबाबदारी असते, तीच त्याच्यावर येते. अशी वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगात आणणे हा पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम ४०३ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो आजही गुन्हाच आहे. घराचा पाया वा विहीर खणताना जुने पुरलेले धन सापडले, आणि त्याचे मोल दहा रुपयांहून अधिक असले, तर जिल्हाधिकाऱ्यांस कळविले पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे. जपानसारख्या देशात तर लहान मुलेदेखील रस्त्यात सापडलेले नाणे जवळच्या पोलीस चौकीत नेऊन देतात. ती मुले जन्मतः आपल्या मुलांहून निराळी नसतात. त्यांना कोणी तरी हात धरून त्या चौकीपर्यंत नेलेले असते.

आपणही आपल्या मुलांना हात धरूनच न्यावे. वस्तू सापडली तर प्रथम तेथेच थोडे थांबून मालक परत येतो काय ते पाहावे. नाही आला तर दुकानदार, एस. टी. चा वाहक, देवस्थानचे व्यवस्थापक, शाळेतील गुरुजी वा पोलीस ठाणे, जेथे मालक शोधत येण्याचा संभव अधिक, तेथे ती द्यावी. पाकिटातील रक्कम किंवा दागिन्याची खूण चारचौघांत सांगत सुटू नये. विचारीत येणाऱ्यालाच ती सांगावयास लावावी, म्हणजे वस्तू खऱ्या धन्यास मिळते. मालकाने बक्षीस देऊ केले तर त्यात अपमान नाही, पण मुलाने त्याची अपेक्षा धरू नये. आणि मुख्य म्हणजे हे काम पालकाने मुलाऐवजी उरकून टाकू नये. मुलानेच आपल्या हाताने वस्तू परत करावी. हरवलेली वस्तू परत मिळताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तो मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे. हजार उपदेशांनी जे होत नाही ते त्या एका दर्शनाने होते.

आपल्या किनाऱ्यास हा धडा अगदीच नवा नाही. रापण ओढली म्हणजे मासळीचे वाटे वाळूवरच, सर्वांच्या देखत पडतात. दोराला हात लावणाऱ्याचा वाटा त्याला मिळतो. ज्याचे त्याला, हाच त्या वाळूवरचा न्याय आहे. तो घराच्या उंबऱ्याच्या आत आणणे एवढेच आपल्या हाती आहे.

उद्या आपले मूल काही तरी हातात घेऊन धावत घरात येईल. आपण कामात असू, कदाचित मोबाईलमध्ये डोळे घालून बसलो असू. तेवढ्यापुरते काम बाजूला ठेवून त्याच्या हाताकडे पाहावे, आणि न रागावता, मायेने, आपल्या आजीने विचारले तसे विचारावे. उत्तर काहीही आले तरी ते खरे सांगितल्याबद्दल त्याला जवळ घ्यावे, आणि मग त्याच्याबरोबर, ज्याचे त्याच्या दारापर्यंत, चालत जावे. साने गुरुजींचे स्मरण करण्याची ह्याहून चांगली रीत प्रस्तुत लेखकास माहीत नाही.